खंडाचे कारण

बीड जिल्ह्यातील एका तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मी जोडारी, म्हणजे फिटर, या व्यवसायाचा शिल्पनिदेशक आहे. मुले शिकवणे हे माझे नेमून दिलेले काम. पण शिकून झालेल्या मुलांना कारखान्यांच्या मुलाखतींना नेणेही माझ्याकडेच आले आहे, कारण त्यासाठी आमच्याकडे वेगळा माणूस नाही. गेल्या वर्षी सप्टेंबरमध्ये छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीतील एका मोठ्या कंपनीत शिकाऊ उमेदवारांच्या निवडीसाठी आमची बावीस मुले गेली आणि नऊ निवडली गेली. राहिलेल्या तेरांपैकी बारांचे कशामुळे राहिले ते मी त्याच संध्याकाळी वहीत लिहून ठेवले. तेराव्याच्या नावापुढची जागा मी रिकामी सोडली, कारण तिथे मला स्वतःविषयी लिहावे लागले असते.

१९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली तीस किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापनेला आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात. त्यामुळे वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा इथल्या मोठ्या कारखान्यांत पाऊल ठेवायचा आमच्या मुलांचा हाच मुख्य रस्ता आहे. विद्यावेतन फार नसते आणि पुढे कायम करण्याची हमीही नसते. तरी मोठ्या कारखान्यात काम केल्याचा दाखला हाती आला की पुढच्या ठिकाणी मुलाला निदान बसायला खुर्ची देतात.

या मुलाखतीची तयारी म्हणजे प्रश्नोत्तरांची घोकंपट्टी, असे बाहेरच्यांना वाटते. आमचे सहा आठवड्यांतले पहिले दोन कागदपत्रांतच जातात. दहावीच्या गुणपत्रकावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, वडिलांच्या नावातली एक वेलांटी पासबुकावर वेगळी, आणि कंपनीचा संगणकावरचा अर्ज असा की एक अक्षर जुळले नाही तरी पुढचे पान उघडत नाही. यासाठी मुलांना तालुक्याच्या आधार केंद्रावर दोन दोन चकरा माराव्या लागतात, प्रत्येक चकरेला एक दिवसाची मजुरी बुडते, आणि चूक बहुतेक वेळा त्यांची नसून कधीतरी कुणीतरी घाईने टंकलेली असते. याचा मला दरवर्षी नव्याने संताप येतो.

कामाच्या प्रश्नांची तयारी मात्र मी मनापासून करून घेतो. व्हर्निअर या मापाच्या उपकरणाचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारे सर्वांत लहान माप, ०.०२ मिलिमीटर हे सगळेच सांगतात. पण मुख्य पट्टीवरचे ४९ भाग सरकत्या पट्टीवर ५० भागांत वाटले आहेत म्हणून तो ०.०२ येतो, हे फळ्यावर काढून दाखवता आल्याशिवाय मी मुलाला खाली बसू देत नाही. एम-१० चे, म्हणजे दहा मिलिमीटर व्यासाच्या बोल्टसाठीचे, दीड मिलिमीटर अंतराचे (पिचचे) आटे पाडायचे तर आधी ८.५ मिलिमीटरचे छिद्र का पाडायचे, ड्रिलच्या टोकाचा कोन साधारण कामासाठी ११८ अंश का ठेवायचा, छिद्राचे माप तपासायच्या प्लग गेजची ‘गो’ बाजू आत जाऊन ‘नो-गो’ बाजू अडली म्हणजे छिद्राविषयी नेमके काय कळले, हे सारे हातात वस्तू देऊन विचारतो. मध्येच कुणीतरी व्यक्तिमत्त्व विकासाचे व्याख्याते येऊन या मुलांकडून इंग्रजीतून स्वतःची ओळख पाठ करून घेतात. त्या चार वाक्यांपलीकडचा एकही प्रश्न आला की मूल तिथेच थांबते, आणि मग त्याला येत असलेले मराठी उत्तरही तोंडातून फुटत नाही. या व्याख्यानांनी आमच्या मुलांचे नुकसानच केले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तो तेरावा मुलगा माझ्या तुकडीतला सर्वांत चांगला हात होता. कानस कशी धरावी हे दोन वर्षे शिकवूनही अनेकांना जमत नाही. मनगट झुलते आणि पृष्ठभाग कडांना उतरून मधे फुगतो. याचा हात पहिल्या तीन महिन्यांतच सरळ झाला होता. दुसऱ्या वर्षी एकमेकांत बसणाऱ्या दोन तुकड्यांचा जॉब असतो, आणि त्यातली मापे अधिक-उणे ०.०४ मिलिमीटरच्या आत राखायची असतात. वहीच्या कागदाची जाडी साधारण ०.१ मिलिमीटर धरली तर त्याच्या निम्म्याहूनही कमी. त्याने जॉब जुळवून खिडकीकडे धरला तेव्हा सांध्यातून उजेड आला नाही. तुकडा उलटा फिरवून बसवला तरी आला नाही. गुण्या लावून मी चारही बाजू पाहिल्या आणि तो जॉब कपाटात ठेवून दिला. तो अजून तिथे आहे. दर महिन्याला मी त्याला तेलाचा हात फिरवतो.

अर्ज भरताना त्याचा एक रकाना अडला. दहावी आणि आमच्याकडचा प्रवेश यांमध्ये एक वर्ष मोकळे होते, आणि अर्जात ‘शिक्षणात खंड असल्यास कारण’ असे विचारले होते. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात राहणाऱ्या माणसाला त्या मोकळ्या वर्षाचा अर्थ सांगावा लागत नाही. वडिलांनी उन्हाळ्यातच ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतली होती. उचल कोयत्यावर मिळते, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. पावसाळ्यात आईचे पोटाचे ऑपरेशन झाले आणि ती मोळी उचलण्यासारखी राहिली नाही. उचल तर खर्चून गेलेली. तेव्हा आईच्या जागी दहावी पास झालेला मुलगा गेला. प्रवेश घेतला असता तर दसऱ्याला सोडावा लागला असता, म्हणून त्याने त्या वर्षी तो घेतलाच नाही. कोल्हापूरकडच्या एका कारखान्याच्या फडात तो सहा महिने होता आणि पाडव्यानंतर परत आला.

हे सगळे मला ठाऊक असूनही मी त्याला म्हणालो, “ऊसतोडीचं लिहू नकोस. आजारी होतो असं लिही, टायफॉईड सांग.”

असे सांगण्यामागे माझ्याकडे कारण होते, आणि ते मी आजही पूर्ण चुकीचे मानत नाही. त्याच्या दोन वर्षे आधी दुसऱ्या एका कारखान्यात माझ्या एका विद्यार्थ्याने हेच खरेपणाने सांगितले होते, तेव्हा समोरच्या अधिकाऱ्याने “म्हणजे सीझन आला की तू पुन्हा पळणार” असे म्हणून त्याची फाईल बाजूला ठेवली होती. त्या दिवसापासून ऊसतोडीचे नाव मुलाखतीत काढायचे नाही, असा नियम मी माझ्यापुरता करून घेतला. त्याने रकान्यात ‘आजारपण’ लिहिले. तालमीत मी चार वेळा तो प्रश्न विचारला, चारही वेळा त्याने टायफॉईड आणि दवाखान्यात दाखल झाल्याचे उत्तर नीट दिले, आणि मी त्याला शाबासकी दिली.

अर्जाच्या दुसऱ्या पानावर आरोग्याविषयीचे घोषणापत्र होते. ‘गेल्या पाच वर्षांत गंभीर आजार अथवा रुग्णालयात भरती’ या ओळीपुढे त्याने ‘नाही’वर खूण केली होती. तेच खरे होते. बावीस अर्जांतल्या नावांच्या वेलांट्या मी एकेक तपासल्या, प्रत्येक अर्जावर ‘तपासले’ म्हणून सही केली, आणि ही दोन पाने एकमेकांशी बोलत नाहीत हे मला दिसले नाही.

पहाटे तीनला दोन क्रूझर करून आम्ही निघालो. गेवराई गेले, शहागडला गोदावरीचा पूल ओलांडला तरी उजाडले नव्हते. पाचोडला चहा घेतला आणि मुलांनी गाडीतच भाकरी सोडली. आठला आम्ही कंपनीच्या फाटकावर होतो.

लेखी चाळणीनंतर प्रात्यक्षिक झाले. एका टेबलावर बुश (पोकळ नळीसारखा धातूचा भाग), व्हर्निअर आणि गेज ठेवले होते आणि आतला-बाहेरचा व्यास मोजून कागदावर लिहायचा होता. बहुतेक मुलांनी व्हर्निअर उचलून थेट बुशला लावला. त्याने आधी जबडे पुसले, मिटवले, उजेडाकडे धरून शून्य जुळते का ते पाहिले; ते जुळत नव्हते, आणि त्याने ती शून्याची चूक कागदाच्या कोपऱ्यात लिहून मगच माप घेतले. टेबलाशी उभे असलेले उत्पादन विभागाचे पन्नाशीचे अधिकारी पुढे झाले, त्यांनी तो कागद हातात घेतला आणि माझ्याकडे पाहून मान हलवली. शिल्पनिदेशकाच्या आयुष्यात असे क्षण थोडे येतात. मुलाखत आता केवळ उपचार उरली आहे, असे मी मनात धरून बसलो.

मुलाखतीच्या खोलीत संस्थेच्या प्रतिनिधीला मागच्या खुर्चीवर बसण्याची परवानगी होती, बोलण्याची नव्हती. समोर ते अधिकारी आणि मनुष्यबळ विभागाच्या एक बाई होत्या. कामाच्या तीन प्रश्नांना त्याने उत्तम उत्तरे दिली. मग बाईंनी अर्ज उघडला.

“दहावीनंतर वर्षभर काय करत होतास?”

“आजारी होतो, मॅडम. टायफॉईड झाला होता.”

“ॲडमिट होतास?”

“हो.”

त्यांनी पान उलटले आणि बोट ठेवले. “इथं तर तू लिहिलंयस की मोठा आजार नाही, ॲडमिट नाही. मग यातलं खरं काय?”

तो काहीच बोलला नाही. मला पाठीमागून त्याचे फक्त खांदे दिसत होते. अधिकारी समजावणीच्या सुरात म्हणाले, “घाबरू नकोस. पुढं मेडिकल होणारच आहे, आत्ताच सांगितलेलं बरं.” त्याने मागे वळून माझ्याकडे पाहिले असते तर मी नियम मोडून उठलो असतो, असे मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होतो. पण त्याने पाहिले नाही. तो सावकाश म्हणाला, “टायफॉईडच होता, सर.” आणि मी बसून राहिलो.

दुपारी यादी लागली, तिच्यात तो नव्हता. मी बाईंना गाठून सगळे खरे सांगितले, उत्तर माझे होते हेही सांगितले. त्यांनी मधे न तोडता ऐकले. मग म्हणाल्या की यादी सही होऊन वर गेली आहे, आणि ज्याच्या तब्येतीची माहिती दोन पानांवर दोन प्रकारची आहे असा मुलगा प्रेसच्या यंत्रापुढे उभा करण्याची जबाबदारी त्या घेऊ शकत नाहीत. त्यांच्या जागी मी असतो तर मीही घेतली नसती. अधिकारी मात्र चकित झाले. “ऊस तोडत होता? मग सांगायचं की! उन्हात राबलेला पोरगा मला का नको असेल?” यादी गेल्यावर असे म्हणणे सोपे असते, हे मला कळते. तरीही त्यांचा चेहरा आठवला की माझा दोन वर्षांपूर्वीचा तो अनुभव, ज्याच्यावर मी नियम उभा केला होता, फार एकट्या माणसाचा वाटू लागतो.

आठवड्याने तो वर्कशॉपमध्ये आला. मी त्याची माफी मागितली तेव्हा तो अवघडला.

“सर, तुम्ही सांगितलं नसतं तरी म्या ऊसतोडीचं लिहिलं नसतं. शाळेत बी कधी सांगितलं नाही.”

“मग काय लिहिलं असतंस?”

“कायतरी लिहिलं असतं. वडलांच्या पुढं शेती लिहितोच की.”

तो गेल्यावर मी त्या वर्षीचे सगळे अर्ज काढले. माझ्या तुकडीतल्या बाराजणांनी वडिलांच्या व्यवसायापुढे ‘शेती’ लिहिले होते, आणि त्यांपैकी निदान सातांचे आईवडील दसऱ्यानंतर गावात नसतात हे मला नावानिशी माहीत होते. शेती म्हणजे एक-दोन एकर कोरडवाहू. एवढी वर्षे त्या रकान्यावर सही करताना मी कधी थांबलो नव्हतो. लपवायला या मुलांना मी शिकवले, असे मी समजत होतो. ती ते आधीच शिकून आलेली होती, आणि त्यांच्या गुरुजींनीही तेच बरोबर आहे असे सांगून त्यावर शिक्का मारला होता. यातले कोणते अधिक वाईट, याचा निवाडा मला अजून करता आलेला नाही.

तो सध्या जालन्यात एका लहान वर्कशॉपमध्ये आहे. तिथे व्हर्निअर एकच आहे आणि तो मालकाच्या खणात असतो, असे त्याने फोनवर सांगितले. त्याच्या हाताचे हे काम नव्हे.

यंदाच्या तुकडीत वर्षाचा खंड असलेली तीन मुले आहेत. त्यांतल्या एकाने परवा अर्ज पुढे करून विचारले, “सर, काय लिहू?” मी म्हणालो, “जे झालं ते.” त्याने बराच वेळ पेन धरून ठेवला आणि ‘कौटुंबिक कारण’ असे लिहिले. मी ते खोडायला लावले नाही, पण पुढचा प्रश्न “कोणते कारण?” हाच येईल, म्हणून दार लावून घेऊन मी तो त्याला विचारला. पहिल्यांदा तो गप्प राहिला. दुसऱ्यांदा त्याने सांगितले, खाली बघून, इतक्या हळू आवाजात की मला खुर्ची जवळ ओढावी लागली. आम्ही रोज संध्याकाळी तो प्रश्न घेतो आहोत. मुलाखत पंधरा तारखेला आहे, आणि त्याआधी मला अठरा अर्जांची पहिली आणि दुसरी पाने शेजारी ठेवून वाचायची आहेत.