मान सरळ आहे ना?

दुपारी भांडी आवरून परसात पाणी फेकायला गेले, तर तांबडी कडुलिंबाखाली उभी. उभी म्हणजे कशी, पंगतीत जागा न मिळालेल्या पाहुण्यासारखी. शेपूट खाली, पिसं फुगवलेली, डोळे अर्धे मिटलेले. सकाळी हिनेच मांजराच्या वाटीतला भात पळवला होता. कोंबडी अशीच आजारी पडते, आदल्या दिवशी काही कळू देत नाही. मलूल दिसली की बाकीच्या टोचतात, म्हणून अंगातलं सगळं त्राण संपेपर्यंत धडधाकटपणाचं सोंग.

उचलली तर अंग कढत. घाबरून जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. "ताप आहे हो भरपूर!" ते हसले. कोंबडीचं अंग बारमाही 41 अंशांच्या आसपास असतं म्हणे, म्हणजे आपल्या थर्मामीटरचे जवळपास 106. आपण ज्या तापात बरळायला लागतो, त्या तापात ती निवांत उकिरडा उकरत असते.

पण फोन लागायच्या आधीच माझा हात तिच्या मानेकडे गेला होता. ही खोड आजीची.

पाटणकडे आजीच्या परड्यात दहा-बारा कोंबड्या असायच्या. एखादी पेंगायला लागली की आजी तिला दोन्ही हातांत धरून आधी मान बघायची. "मान सरळ हाय न्हवं? मग जगंल." सरळ असली की लसणाची पाकळी, हळद-गुळाची गोळी आणि चुलीशेजारी डालग्याखाली मुक्काम. वाकडी असली की आजी गप्प व्हायची. मानमोडी! एकदा शिरली की आळीतली खुराडी आठवडाभरात रिकामी. मान पिळवटून मागे जाते आणि कोंबडी आभाळाकडे बघत जागच्या जागी गिरक्या घेते. ते एकदा पाहिलं की विसरत नाही.

सरकारी दवाखान्यातल्या तक्त्यावर या रोगाचं नाव 'राणीखेत' लिहिलेलं असायचं. मला वाटायचं, राणीच्या शेतात कोंबड्या शिरल्या असतील, म्हणून झाली असेल शिक्षा. ते कुमाऊंमधलं थंड हवेचं ठिकाण आहे, लोक तिथे हौसेने फिरायला जातात, हे फार उशिरा कळलं. साहेबाच्या देशात याच रोगाला न्यूकॅसल म्हणतात. गावांचंही एकेक नशीब.

आजीच्या बोलण्यात मात्र मानमोड्या दोन होत्या. "मानमोडीच्या साली म्या सा वर्सांची हुते," असं ती वय सांगायची. कोंबड्या मेल्या म्हणून कुणी साल मोजतं का, असं मला वाटायचं, पण आजीच्या कोंबड्यांवरच्या जिवाकडे बघता तेही खरं वाटायचं. ती 1918 ची इन्फ्लुएंझाची साथ. जूनमध्ये मुंबईत आली आणि पावसाळा सरता सरता खेड्यापाड्यांत पोचली. देशात एक कोटीहून जास्त माणसं गेली. त्यांत आजीची आई होती आणि पाळण्यातला भाऊ. एकाच आठवड्यात. आजीने हे मला कधी सांगितलं नाही. आईने सांगितलं, आजीच्या दहाव्याच्या गडबडीत, पत्रावळी मोजता मोजता.

तर तांबडी. मान सरळ होती. पिल्लू असताना डोळ्यात लासोट्याचा, म्हणजे मानमोडीच्या लसीचा, थेंबही पडला होता. "सारखी खुराड्यात जाऊन रिकामी परत येते का? जोर करते का?" डॉक्टरांनी विचारलं. करत होती. "मग अंडं अडकलंय. कोमट पाण्यात वीस मिनिटं बसवा आणि कॅल्शियम पाजा."

न्हाणीघरात टब भरला. आधी पंखांची फडफड, माझी साडी चिंब. मग पोटाला ऊब लागली तशी तिने पाय सोडले, डोळे मिटले. नाक पाण्यात जाईल म्हणून मी हनुवटीखाली, म्हणजे कोंबडीची जी काय हनुवटी असते तिच्याखाली, हात धरून पालथ्या बादलीवर बसले. कवचाला लागणारं कॅल्शियम खाण्यातून पुरलं नाही तर ती ते स्वतःच्या हाडांतून काढते, हेही डॉक्टरांनीच सांगितलं. मी तिच्या पायांच्या काड्यांकडे बघत राहिले.

कुंपणापलीकडच्या मामांना बातमी लागली होतीच. "कापणार असाल तर आजच बघा, उद्या उपयोग नाही." विचारपूस करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मसाला असतो असा रुग्ण बहुधा हाच एक. संध्याकाळी हे कामावरून आले तेव्हा तांबडीची दुसरी बैठक चालू होती. "मी अंघोळ कुठे करू?" एवढंच म्हणाले. मग टॉवेल खांद्यावर टाकून दारात उभे राहिले आणि म्हणाले, "चारशेची असेल नाही ही?"

"साडेचारशे."

रात्री साडेनऊला अंडं पडलं. कवच नाहीच, नुसतं लिबलिबीत, पाणी भरलेल्या फुग्यासारखं. तांबडी उठली, अंग झाडलं आणि पहिली चोच त्या अंड्यालाच मारायला धावली. ह्यांची अंघोळ पावणेदहाला झाली.

सकाळी खुराडं उघडलं तेव्हा बाकीच्या तिघींनाही एकेक करून उचललं. त्यांना काही झालं नव्हतं, सोडवून घ्यायला नुसता आरडाओरडा. माना सरळ होत्या.