गणपतीच्या आधी की नंतर?

आई म्हणाली, छतावरचे सोलर पॅनल गणपतीनंतर लावू. मला धीर नव्हता. दिवसा ग्रीडला, म्हणजे वीजकंपनीच्या जाळ्याला, दिलेली युनिटं रात्रीच्या वापरातून वजा होतात, नेट मीटरिंगची सगळी मजा त्यातच. आणि हा हिशेब बदलणार अशी कुजबुज आमच्या सिडको भागात सुरू होती. आमचं घर दिवसभर कुलूपबंद, एसी-गिझर सगळं रात्री-पहाटे! ३ किलोवॅटला केंद्राचं ७८,००० रुपये अनुदान धरून अर्ज टाकला.

पॅनल दोन दिवसांत चढले, मीटरला मात्र सात आठवडे. तेवढ्यात लक्षात आलं, ठेकेदाराने टाकीची सावली बघितलीच नव्हती. तीन वाजले की काळा पट्टा थेट दोन पॅनलवर. टाकी हलवली, प्लंबरचे पैसे अर्थात आमचे.

आईची तक्रार वेगळीच: आता पापड वाळवायचे कुठे?