गेममधला राग आणि पर्चीवरचं "मोबाइल अ‍ॅडिक्शन" – माझा अनुभव

मी इंदूरला सुदामानगरात राहतो, वय २६, आयटीत नोकरी. रोज रात्री दोन तास कॉम्प्युटरवर व्हॅलोरंट खेळतो (पाच-पाच जणांच्या दोन टीमचा ऑनलाइन बंदुकांचा गेम), शनिवारी थोडं जास्त. हे आधीच सांगून ठेवतो कारण पुढचा सगळा घोळ या "किती तास"वरूनच झाला.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. स्कोअर १२-१२, ओव्हरटाइम, टीममधला एकजण माइकवर सतत शिव्या घालत होता. गेममध्ये मी मेलो आणि हेडफोन ओढून काढला आणि मागे भिरकावला. मागे आजी बसली होती, परातीत भुट्टे किसत, रात्री कीस करायचा होता म्हणून. हेडफोन परातीच्या काठावर आदळला, खणकन आवाज झाला आणि किसलेला भुट्टा तिच्या पातळावर उडाला. ती एक शब्द बोलली नाही. पदर झटकला, परात आणि किसणी उचलली आणि आतल्या खोलीत जाऊन बसली. दुसऱ्या दिवसापासून मी कॉम्प्युटर चालू केला की ती उठून आत जायची. रागावली असती तर मी निदान सॉरी म्हणून मोकळा झालो असतो. तसं काही झालं नाही आणि तेच मला सहन होईना.

म्हणून दवाखान्यात जायचं ठरवलं. एका मोठ्या सरकारी दवाखान्याच्या मानसिक रोग विभागात गेलो. नाव लिहीत नाही, पण राग अजून गेलेला नाही, हा गेमचा नाही, त्या खिडकीचा. पहिल्या दिवशी ऑफिसातून अर्धी सुट्टी काढून गेलो, पर्चीच्या लायनीत पाऊण तास उभा राहिलो, वर गेलो तर कळलं काउन्सेलिंग फक्त मंगळवार आणि शुक्रवार. हे खाली कुठेच लिहिलेलं नाही आणि खिडकीवाल्यानेही पर्ची फाडताना सांगितलं नाही. शुक्रवारी परत गेलो तर खोलीला कुलूप, मॅडम ट्रेनिंगला. पुढच्या मंगळवारी एकदाचा आत शिरलो, तिथे एक ज्युनियर मुलगा फॉर्म भरत होता. दिन में कितने घंटे? मी म्हटलं दोन. त्याने वर पाहिलं, "दो घंटे ही? फिर दिक्कत क्या है भिया?" मी सांगायला लागलो की राग येतो, वस्तू फेकली, आजी होती मागे, पण त्याच्या फॉर्ममध्ये रागाचा रकानाच नव्हता. झोप, जेवण, पैसे, अभ्यास, सगळ्याचे होते. शेवटी त्याने पर्चीवर लिहिलं "मोबाइल अ‍ॅडिक्शन". मी कॉम्प्युटरवर खेळतो हे मी त्याला तीनदा सांगितलं होतं. आणि वर, पुढच्या वेळी घरच्या कुणाला तरी घेऊन या, म्हणे. २६ वर्षांचा मुलगा, स्वतःच्या पायांनी चालत आलाय, तरी त्याच्या शब्दाला काही किंमत नाही?

मग बाबांना घेऊन गेलो. तीन तास बाकावर. बाबांनी आयुष्यात असल्या विभागाची पायरी चढलेली नाही, ते पर्ची घडी करत होते, उलगडत होते, परत घडी करत होते. नंबर आला तेव्हा मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, डॉक्टरसाहेब, बस गेम बंद करवा दीजिए. साहेबांनीही तेच सांगितलं, एक महिना पूर्ण बंद, मग दाखवायला या. एकूण चार मिनिटं.

मी प्रामाणिकपणे बंद ठेवला. ३१ दिवस. काहीच त्रास झाला नाही, हात शिवशिवले नाहीत, झोप उडाली नाही. बत्तिसाव्या दिवशी पहिली मॅच लावली आणि विसाव्या मिनिटाला तीच मूठ टेबलावर! तेव्हा डोक्यात लख्ख प्रकाश पडला की महिनाभर जे बंद ठेवलं तो माझा आजारच नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंग डिसऑर्डर हा आजार आयसीडी-११ या यादीत घातलाय, २०२२ च्या जानेवारीपासून ती लागू आहे, त्यात तीन खुणा आहेत: खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळ वर जाणं आणि नुकसान होऊनही चालूच ठेवणं, तेही साधारण वर्षभर. माझं यातलं काहीच नव्हतं. अडचण दोन तासांची नव्हती, मेल्यानंतरच्या दहा सेकंदांची होती. आणि ते दहा सेकंद कुणी विचारलेच नव्हते.

विचारलं ते टेलीमानसच्या फोनवर. १४४१६, सरकारचीच हेल्पलाइन, फुकट, दिवसरात्र चालू, २०२२ च्या ऑक्टोबरपासून आहे. रात्री साडेअकराला लावला, पलीकडच्या ताईंनी तास विचारलेच नाहीत, म्हणाल्या गुस्सा आने से पहले शरीर में कहाँ पता चलता है? मला उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या दिवशी खेळताना लक्ष ठेवलं तर आधी दात आवळले जातात, मग खांदे वर कानाशी जातात, मग माउसवर पकड घट्ट होते आणि मग फेकाफेक. म्हणजे आधी तीन थांबे आहेत, मी कायम शेवटच्या स्टेशनावर जागा होत होतो.

त्यानंतर एका खाजगी काउन्सेलर मॅडमकडे चार वेळा गेलो, तिथे सगळं सुरळीत झालं, त्यावर लिहिण्यासारखं फार नाही. एक मात्र सांगतो, मी यूट्यूबवर बघून उशीला बुक्के मारायचो, राग बाहेर काढला की मोकळं वाटतं म्हणून. मॅडमनी ते पहिल्याच दिवशी बंद करायला लावलं. अमेरिकेत २००२ साली ६०० विद्यार्थ्यांवरचा एक प्रयोग छापून आला होता, ज्याच्यावर राग आहे त्याला आठवत पंचिंग बॅगला मारणाऱ्यांचा राग सगळ्यात जास्त राहिला आणि जे नुसते गप्प बसले त्यांचा कमी.

मॅचमधून मध्येच उठता येत नाही, उठलं तर पेनल्टी लागते आणि बाकी चौघांचं नुकसान वेगळं. म्हणून जे करायचं ते खुर्चीतच. मॅचमधला एक राऊंड १०० सेकंदांचा असतो, त्याआधी बंदुका घ्यायला ३० सेकंद मिळतात. मेलो की हात माउसवरून काढून मांडीवर, जीभ टाळूला म्हणजे दात आपोआप सुटतात, चार मोजत श्वास आत आणि आठ मोजत बाहेर. बाहेर सोडणं लांब हवं, त्यानेच ठोके खाली येतात. ३० सेकंदांत दोन श्वास आरामात होतात. पहिले पंधरा दिवस काही फरक पडला नाही, नंतर पडायला लागला.

वहीत ४० मॅचेस लिहून काढल्या. १७ वेळा भडका उडाला होता, त्यातल्या ११ वेळा तिसरी मॅच तरी होती नाहीतर मी जेवायच्या आधी बसलो होतो. म्हणून आता जेवून बसतो आणि दोन हरलो की बंद, तिसरी जिंकून उठू हा विचार आला की तर नक्कीच बंद. शिव्या देणाऱ्याला पहिल्याच शिवीला म्यूट, उत्तर द्यायचं नाही. आणि वायफाय सोडून लॅन केबल घ्या, हे खरं तर सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, आमच्याकडे संध्याकाळी सगळे सिरियल लावायचे आणि माझा पिंग (म्हणजे सिग्नल सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत) १४० वर जायचा, त्या नुसत्या केबलने निम्मी चिडचिड गेली.

आजी आता उठून जात नाही. परवा मटार सोलत बसली होती, मी हरलो, हात मांडीवर घेतले, मागे शेंगा फुटल्याचा आवाज चालूच होता. ते ऐकून मला खूप अभिमान वाटला, लपवत नाही.

आणि दवाखान्यात जाणार असाल तर फॉर्म भरणाऱ्यावर सोडू नका, पेन मागून घ्या आणि तक्रारीच्या जागी स्वतःच्या हाताने "राग" लिहा. माझ्या फाइलला अजून ती मोबाइल अ‍ॅडिक्शनची पर्ची लागलेली आहे, बदलून द्या म्हणून दोनदा सांगून झालं, शुक्रवारी परत जातोय.