तिसरी ओळ

काल रात्री पावणेअकराला इनबॉक्स रिकामा केला. कोपऱ्यातला लाल आकडा नाहीसा झाला आणि एकदम हलकं वाटलं. आज दिवसभर तेच हलकं वाटणं घशाशी अडकून बसलंय.

सकाळी सिस्टर पर्स खाली न ठेवताच म्हणाल्या, "डॉक्टर, काकूंचा मेसेज पूर्ण वाचलात ना?"

वाचला होता. म्हणजे विषय होता 'गोळ्या संपल्या'. पहिल्या ओळीत रक्तदाबाची गोळी अमलोडिपिन, दुसरीत औषधाचं दुकान नेहमीचंच. मी मंजुरीचं बटण दाबलं आणि पुढच्या मेसेजवर गेले. तिसरी ओळ होती, 'आताशा जिना चढताना मध्येच थांबावं लागतं, वय झालं म्हणायचं.'

मला विचारायच्या आधीच सिस्टरांनी काकूंना फोन केला होता. दुपारी त्या आल्या. घोट्याच्या वर अंगठा दाबला, उचलला, तरी खळगा तसाच राहिला. अमलोडिपिननेही पाय सुजतात. तेवढंच असेल तर किती बरं. पण तिने सहसा दम लागत नाही. शिवाय तीच गोळी मी न बघता पुढे चालू करून दिली होती. ईसीजी ठीक आला, रक्त पाठवलं, हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको, उद्या.

निघताना काकू म्हणाल्या, "तुम्हाला किती जणांचं बघावं लागतं, मी आपलं उगाच लिहिलं."

उगाच.

काल दिवसभरात ६३ मेसेज होते. रिपोर्ट, गोळ्यांच्या मंजुऱ्या, तज्ज्ञांची पत्रं, 'माहितीसाठी' म्हणून पाठवलेल्या प्रती, विम्याचे फॉर्म आणि या सगळ्यात मिसळलेली पेशंटची स्वतःची चार वाक्यं. सगळं एकाच रांगेत, एकाच आकाराच्या अक्षरात. कुणाचा तरी दम आणि कुणाच्या तरी पत्राची प्रत शेजारी शेजारी. या कामासाठी वेळापत्रकात जागाच नाही, ते दोन पेशंटच्या मध्ये नाहीतर रात्री करायचं. छोटी कधीच झोपली होती. ते राहू दे.

२०१७ साली 'ॲनल्स ऑफ फॅमिली मेडिसिन'मध्ये अमेरिकेतल्या १४२ फॅमिली डॉक्टरांचा अभ्यास आला होता. ११.४ तासांच्या दिवसातले ५.९ तास संगणकावरच्या नोंदींमध्ये, त्यातली ८५ मिनिटं नुसत्या इनबॉक्सची. तेव्हा वाचून बरं वाटलं होतं, आपण एकटे नाही म्हणून. आणि हे २०२०च्या आधीचं. साथीत पेशंटचे मेसेज वाढले ते वाढलेच. रागही येतो. कुणावर काढायचा ते कळत नाही. पेशंटवर तर नक्कीच नाही, लिहा असं आम्हीच त्यांना सांगितलं.

पण थकव्याचं एक वेळ समजू शकते. हलकं का वाटलं? माणसाला उत्तर मिळालं म्हणून नाही, आकडा कमी झाला म्हणून. ६३ वेळा थोडं थोडं हलकं. काकूंच्या वेळी पण.

संध्याकाळी सिस्टर आणि मी अर्धा तास दार लावून बसलो. आजार स्थिर असेल त्याला भेटीतच वर्षभराच्या गोळ्या लिहून द्यायच्या, म्हणजे दर तीन महिन्यांनी मंजुरी मागायला नको. तपासण्या भेटीच्या आधी करून घ्यायच्या, रिपोर्ट समोरासमोर बोलता येतात. 'माहितीसाठी'च्या प्रती बंद करायला सांगायचं. पेशंटचे मेसेज आधी सिस्टर बघणार, आणि ज्यात एकही लक्षण असेल त्याला बटण नाही, फोन. दुपारी चाळीस मिनिटं या कामासाठी राखून ठेवायची, त्या वेळात पेशंट घ्यायचे नाहीत. उत्तरांचा मसुदा आपोआप लिहून देणारी नवी सोय येतेय म्हणे. येऊ दे, लिहायचे कष्ट वाचतील. माझं चुकलं ते वाचण्यात.

"रोज शून्य नाही व्हायचं मग," सिस्टर म्हणाल्या. नाही व्हायचं. हे ऐकून पोटात गोळा येईल असं वाटलं होतं. आला नाही.

आत्ता सव्वानऊ. लाल आकडा ४१. काकूंचं रक्त आलंय, बीएनपी वाढलेलं, म्हणजे हृदयावर ताण आहे. रिपोर्ट माझ्याआधी त्यांनीच पाहिला. हल्ली तो दोघांनाही एकदमच दिसतो. खाली त्यांचा मेसेज. पहिली ओळ, 'हे लाल अक्षरात का आलंय?' दुसरी, 'उद्या सांगितलंत तरी चालेल.' तिसरी ओळ नाही. दोनदा खाली सरकवून पाहिलं.

फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला त्यांनी.