कमी किलोमीटरची ले मान्स

मोटो गुझी ८५० ले मान्स, इटालियन मोटरसायकल, पहिली मालिका, १९७६. मीटरवर तेरा हजार आणि काही किलोमीटर. तक्रार एकच: इंजिन तापलं की आयडलिंगला ऑइलचा लाल दिवा लुकलुकतो. सप्टेंबरात इटलीत मान्देल्लो देल लारियोला गुझीवाल्यांचा मेळावा भरतो, कारखाना तिथलाच. आमचं वर्कशॉप जवळच लेक्कोत असल्यामुळे त्या दिवसांत जर्मनी, हॉलंडकडून निघालेल्या गाड्या वाटेत आमच्या दारात येऊन थांबतात. कुणाची क्लच केबल, कुणाचा अल्टरनेटरचा रोटर, कुणाचे कार्बोरेटर जुळवायचे. ही गाडी जर्मनीची होती, ट्रेलरवरून आलेली. ट्रेलर दिसला की मी जरा सावध होतो. मेळाव्याला गाडी ओढत आणणाऱ्यांच्या गाडीत हमखास काहीतरी कुजलेलं निघतं.

दिव्याचा पहिला संशय स्विचवर घ्यायचा. तो दोन सिलिंडरांच्या बेचक्यात, सगळ्यात गरम जागी बसतो आणि त्याचं प्लास्टिक उष्णतेनं मरतं. स्विच काढून त्या जागी गेज लावला. थंड असताना दाब व्यवस्थित. वीसएक मिनिटं फिरवून आणल्यावर चार हजार आरपीएमला चार बारच्या आसपास हवा, तो जेमतेम अडीच. म्हणजे दिवा खरं बोलत होता, चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं तेलाचं भांडं, खोलणं आलं.

या इंजिनाचा ऑइल फिल्टर बाहेर नाही, चेंबरच्या आत आहे. तो बदलायचा तर तीन लिटर तेल काढा, चेंबरचे सगळे बोल्ट खोला, पॅकिंग खरवडा, नवं लावा. या कटकटीमुळे निम्मे लोक नुसतं तेल बदलतात आणि सर्व्हिस झाली म्हणतात. शिवाय आत बसलेला फिल्टर थरथरीनं हळूहळू सैल होतो. त्याला उपाय सोपा आहे: फिल्टरभोवती होज क्लिप, म्हणजे रबरी पाइपवरची स्क्रूची पट्टी, आवळायची आणि तिच्या स्क्रूचं डोकं आतल्या कास्टिंगला असं टेकवायचं की फिल्टर उलटा फिरूच शकणार नाही. क्लिप चार आण्याची आणि इंजिन हजारो युरोंचं. या गाडीत ती नव्हती. फिल्टर जवळपास अर्धा आटा सैल, रबराच्या कडेनं तेल परत चेंबरात गळत होतं. तेल गरम होऊन पातळ झालं की गळती वाढायची आणि दिवा लागायचा. आधीच्या वर्कशॉपची सर्व्हिस बुकातली नोंद मात्र सुवाच्य अक्षरात होती.

गाडीच्या मालकांना दाखवलं तर त्यांचा चेहरा खुलला. फिल्टर घट्ट करा, नवं तेल टाका, संध्याकाळी मान्देल्लो! आमचे पात्रोनही, म्हणजे वर्कशॉपचे मालक, हात पुसायला लागले होते. मला चेंबरच्या तळाशी राहिलेलं चमचाभर तेल खटकत होतं. ते तिरप्या उजेडात धरलं की आत काहीतरी चमकायचं.

गाळून, पेट्रोलनं धुऊन पांढऱ्या कागदावर घेतलं. अभ्रकाच्या पापुद्र्यासारखे कण, मोठ्यातला मोठा दीड मिलिमीटरचा. चुंबक फिरवला, एकही हलला नाही. म्हणजे पोलाद नाही, गिअर किंवा कॅमचा प्रश्न नाही. मग उरतं अॅल्युमिनियम, बेअरिंगचा मऊ धातू, नाहीतर क्रोम. सुईनं दाबलं तर वाकले नाहीत, कट्कन तुटले. अॅल्युमिनियम वाकतं आणि बेअरिंगचा धातू कागदावर करडा फरकाटा ओढतो. तरी खात्रीसाठी हातमोजे, चष्मा घालून प्लास्टिकच्या झाकणात कॉस्टिक सोड्याचं पाणी घेतलं आणि चार कण टाकले. अॅल्युमिनियम असतं तर ते फसफसत विरघळून गेलं असतं. हे एका बाजूनं क्षणभर फसफसले, मग गप्प झाले आणि तळाशी आरशासारखं चकचकीत साल तेवढं राहिलं. वर क्रोम आणि पाठीला चिकटून आलेलं सिलिंडरचं अॅल्युमिनियम. बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, सोलायला लागला होता.

त्या काळातल्या गुझीच्या मोठ्या सिलिंडरांना आत लोखंडी लायनर नाही. अॅल्युमिनियमवर थेट कडक क्रोमचा थर आहे. हलकं, उष्णता लगेच बाहेर टाकणारं, नवं असताना उत्तम. पण क्रोमच्या थरात नजरेला न दिसणाऱ्या बारीक भेगा असतातच. त्यांतून ओल आत गेली की खालचं अॅल्युमिनियम गंजतं, फुगतं आणि थर उचलला जातो. लायनर नसल्यामुळे बोअर मारून मोठा पिस्टन घालायची सोयही नाही. १९८० च्या सुमारास गुझीनं हे क्रोम सोडून निकेल-सिलिकॉनचा लेप घेतला, ते उगाच नाही.

आणि ओल येते कुठून? उभं राहण्यातून. ही गाडी वर्षानुवर्षं संग्राहकांकडे होती. ओतीव लोखंडाच्या ब्रेक डिस्कवर पॅडखाली जिथं ओल साचली तिथं गंजाचे खड्डे पडले होते. "महिन्यातून एकदा दोन मिनिटं सुरू करतो, इंजिन मोकळं राहावं म्हणून," असं मालक अभिमानानं सांगत होते. याहून वाईट काही करता येणार नाही. दोन मिनिटांत इंजिन तापत नाही, पण पेट्रोल जळून तयार झालेलं पाणी सिलिंडरात आणि तेलात उतरतं आणि महिनाभर तिथंच बसतं. सुरू करायची तर तासभर चालवा, नाहीतर हातही लावू नका.

इतकं सगळं बघायला इंजिन उघडावंही लागत नाही, याचा मला राग येतो. प्लग काढायचा, पिस्टन खाली न्यायचा, बोरोस्कोप, म्हणजे बारीक नळीचा कॅमेरा, आत सोडायचा. चांगला क्रोम आरशासारखा दिसतो, जिथं गेला तिथं पांढुरका, मळकट डाग. या गाडीत उजव्या सिलिंडरच्या वरच्या कडेला नखाएवढा डाग होता, डाव्यात त्याची सुरुवात. कॉम्प्रेशन दोन्हींचं ठीक, म्हणून त्यावर विसंबून चालत नाही. पहिल्या मालिकेच्या चांगल्या ले मान्सला आज पंधरा हजार युरोच्या पुढे मोजतात, आणि घेताना अर्धा तास कॅमेरा घालून कुणी बघत नाही. मीटर बघतात, टाकीचा मूळ रंग बघतात. त्यात या मॉडेलच्या ३६ मिलिमीटरच्या देल्लोर्तो कार्बोरेटरांना एअर फिल्टरच नाही, उघडी तोंडं आणि जाळी. धूळ थेट आत.

मालकांचा प्रश्न साधा होता: मेळाव्यापुरती चालेल ना? चालली असती, तेच तर अवघड. पण थंड इंजिनात तेल जाड असतं, फिल्टरमधून पुरेसं जात नाही, तेव्हा फिल्टरचा बायपास उघडतो आणि न गाळलेलं तेल बेअरिंगांकडे जातं. क्रोमचा कण बेअरिंगच्या मऊ धातूत रुतला की तो पुढे क्रँकला घासत राहतो. मी पात्रोनना म्हटलं, "तुम्हीच सांगा त्यांना, माझं इटालियन ऐकून त्यांना मी काम काढतोय असं वाटतंय." पात्रोननी तो पांढरा कागदच त्यांच्या हातात दिला. त्यानंतर वाद झाला नाही. मेळाव्याला मालक बसनं गेले.

इंजिन बाहेर काढायचं काम मात्र या गाडीत सुखाचं आहे. लिनो तोन्ती यांनी आखलेल्या फ्रेमच्या खालच्या दोन नळ्या सुटतात. इंजिन लाकडी ठोकळ्यावर टेकवायचं, वायरी, केबली, बोल्ट सोडायचे आणि फ्रेमच इंजिनावरून उचलून न्यायची. आत बिग एंडच्या शेलांत, म्हणजे कनेक्टिंग रॉड क्रँकला धरतो तिथल्या बेअरिंगांत, चार-पाच चमकते ठिपके रुतलेले दिसले, क्रँकवर त्यांच्या समोर बारीक रेषा. नख अडकत नव्हतं, म्हणजे वेळेत सापडलं. क्रँकच्या तेलवाटेला एक आट्यांचं बूच असतं, पंच मारून लॉक केलेलं. ते बहुतेक जण काढतच नाहीत. आतून काळा गाळ निघाला आणि त्यातही चमक होती.

जिलार्दोनीचा कारखाना मान्देल्लोतच आहे. तिथले निकासिल, म्हणजे निकेल-सिलिकॉनच्या लेपाचे, सिलिंडर आणि जोडीचे पिस्टन आणले. ८३ मिलिमीटरचेच. या बोअरला होनिंगचा दगड लावायचा नाही. सवयीनं लावतात आणि नवा लेप घालवतात. नवे शेल, बिग एंडला नवे बोल्ट-नट, टॉर्क ४.६ ते ४.८ किलोग्रॅम-मीटर. हेडचे नट आडव्या क्रमानं, टप्प्याटप्प्यानं ४ ते ४.५. टॅपेट दोन्ही व्हॉल्व्हांना ०.२२ मिलिमीटर, इंजिन थंड असताना. फ्लायव्हीलच्या खिडकीत डी म्हणजे उजवा सिलिंडर, एस म्हणजे डावा. ठिणगीचं टायमिंग स्थिर ८ अंश, पूर्ण अॅडव्हान्सला ३४. दोन पॉइंट असल्यामुळे दोन्हींचं वेगवेगळं तपासायचं. तेल साधं मिनरल २०डब्ल्यू-५०, पाचशे किलोमीटरला तेल-फिल्टर बदलून, हेड नट थंड इंजिनात पुन्हा कसायचे. आणि होज क्लिप.

बारामतीचा पियाजो कारखाना आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. २००४ पासून गुझीही त्याच कंपनीची. तरी घरी फोनवर गुझीचं काम सांगितलं की पहिला प्रश्न, अॅव्हरेज किती देते?

खरं अडलं ते बिलावर. मालकांनी विनंती केली की सिलिंडर बदलल्याचं बिलात येऊ नये, "इंजिन सर्व्हिस" एवढंच लिहा. जुने सिलिंडर त्यांनी तेलकट कागदात गुंडाळून खोक्यात मागितले. गाडी विकताना मूळ क्रोमचं इंजिन, तेरा हजार किलोमीटर, असं सांगितलं की भाव जास्त. गाडी आता पहिल्यांदाच रस्त्यावर न्यायच्या लायकीची झाली होती आणि तेच लपवायचं. माणूस लबाड नाही, त्यालाही कुणीतरी असंच विकलं होतं. लबाडी त्या भावात आहे, आणि भाव ठरवणाऱ्यांना कधी चेंबर खोलावं लागत नाही. पात्रोननी बिलात सगळं लिहिलं, भाग क्रमांकासकट. ते गिऱ्हाईक पुन्हा येईल का, ठाऊक नाही.

फोन मात्र आला, हिवाळ्यात. गाडी फार चालवायची नसेल तरी हेड नट कसायलाच हवेत का, असं विचारत होते. मी म्हटलं, "आधी पाचशे किलोमीटर करा, मग घेऊन या. ट्रेलरवरून नको."