ब्लॉकवर नाव एकाचं, साचा दुसऱ्याचा: माझा अनुभव

2014 च्या जूनमध्ये बिटकॉइनच्या मायनिंगची, म्हणजे संगणकांच्या जोरावर व्यवहारांचे नवे गठ्ठे (ब्लॉक) बनवण्याची, निम्म्याहून जास्त ताकद काही काळ जीहॅश.आयओ या एकाच मायनिंग पूलकडे, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या मायनरच्या गटाकडे, गेली होती. ते वाचल्यापासून, आज ही ताकद किती जणांच्या हातात आहे, हे स्वतः मोजायचं मनात होतं.

प्रत्येक ब्लॉकच्या पहिल्या व्यवहारात, म्हणजे कॉइनबेसमध्ये, पूल बहुधा आपलं नाव लिहून ठेवतो. तिथे प्रत्येक इंग्रजी अक्षरासाठी एक संकेत असतो; आकड्यांच्या लांबलचक ओळीत 56 69 61 दिसलं की व्ही, आय, ए. पुढची अक्षरं लावली की व्हायाबीटीसी. पहिलं नाव असं हाताने सोडवलं तेव्हा फार आनंद झाला. मग प्रोग्राम लिहून एका दिवसाचे ब्लॉक मोजले. दुसऱ्या दिवशी टक्केवारी पार वेगळी! दिवसाला निघतात साधारण 144 ब्लॉक. 30 टक्के ताकदीच्या पूलला नशिबाने कधी 32 मिळतील, कधी 54. म्हणून 2016 ब्लॉक घेतले, जवळपास दोन आठवड्यांचे. तेव्हा कुठे आकडे स्थिरावले.

वाटपातली विषमता मोजणारा जिनी गुणांक काढून पाहिला आणि सोडून दिला. दोनच पूलनी सगळं निम्मं-निम्मं वाटून घेतलं तरी जिनी शून्य, म्हणजे पूर्ण समता! हे मला मान्य नाही. नाकामोटो गुणांक सरळ विचारतो: निम्म्याच्या पुढे जायला कमीत कमी किती पूल लागतात? माझं उत्तर आलं 3.

पण ब्लॉकमध्ये कोणते व्यवहार घ्यायचे हे कोणी ठरवलं, ते नावावरून कळत नाही. 2024 मध्ये काही अभ्यासकांनी दाखवलं होतं की अनेक लहान पूल मायनरना जे काम धाडतात, त्याचा साचा, म्हणजे ब्लॉकसाठी निवडलेल्या व्यवहारांची क्रमवार यादी, अँटपूल या मोठ्या पूलच्या साच्याशी जुळतो. मग मीही पूलच्या सर्व्हरना जोडून कामं उतरवून घेऊ लागलो. त्यासाठी मायनिंगचं मशीन लागत नाही, पूल आणि मायनर ज्या पद्धतीने एकमेकांशी बोलतात तो स्ट्रॅटम प्रोटोकॉल समजला की पुरे. कामासोबत मर्कल हॅशची, म्हणजे निवडलेल्या व्यवहारांवरून काढलेल्या ठशांची, यादी येते. दोन याद्या तंतोतंत जुळल्या की व्यवहार तेच, क्रमही तोच. एका रात्री दोन वेगळ्या नावांखाली तेच बारा हॅश पाहिले. पुन्हा पुन्हा ताडून पाहिले, एक अक्षर इकडचं तिकडे नव्हतं.

जुळणारे पूल एकत्र धरून पुन्हा मोजलं. उत्तर आलं 2.

मायनर एक पूल सोडून दुसरीकडे जाऊ शकतो, हा मोठा दिलासा आहे. 2014 मध्ये तसे पुष्कळ जण गेलेही. पण दुसरीकडेही साचा तोच असेल तर? म्हणून माझ्या तक्त्यात आता प्रत्येक ब्लॉकपुढे दोन रकाने आहेत: नाव कोणाचं आणि साचा कोणाचा.