डोक्याचा मुका मार

भातकापणी झाली की डिचोलीकडच्या आमच्या गावात मोकळ्या शेतात गोलपोस्ट उभे राहतात. गेल्या डिसेंबरात तिथल्याच एका सामन्यात कॉर्नरचा चेंडू हेड करायला माझा १३ वर्षांचा मुलगा आणि समोरचा एक मुलगा एकदमच उडाले. डोक्यावर डोकं आपटलं. माझा मुलगा पडला, उठला, दोन पावलं तिरपी टाकली. सरांनी तोंडावर पाणी मारून विचारलं, "बरा आहेस ना?" तो "हो" म्हणाला आणि परत खेळायला गेला. रक्त नाही, टेंगूळ नाही. मीही टाळ्याच वाजवल्या.

रात्री जेवताना त्याने विचारलं, "आई, आम्ही जिंकलो ना?" हो म्हटलं. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा माझा घास हातातच राहिला. मग एकदा उलटी झाली, थोड्या वेळाने पुन्हा. १०८ बोलावली आणि बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात गेलो.

सीटी स्कॅन चांगला आला. माझा जीव भांड्यात पडला, पण डॉक्टरबाईंनी मला बसवून घेतलं. स्कॅनमध्ये रक्तस्राव कळतो, हाड मोडलेलं कळतं. कन्कशन दिसत नाही. मेंदू कवटीच्या आत हादरतो आणि त्याचं काम बिघडतं, ते फोटोत येत नाही. "पण तो बेशुद्ध कुठे पडला होता?" मी विचारलं. बहुतेक मुलं पडतच नाहीत, त्या म्हणाल्या. पहिलं दुखणं बरं व्हायच्या आत डोक्याला दुसरा मार बसला तर मेंदूला सूज येऊन जिवावर बेतू शकतं. असं क्वचित होतं, पण होतं ते बहुतेक कोवळ्या वयातच. ते ऐकताना मला त्याच्या सामन्यातली उरलेली वीस मिनिटं आठवत होती.

पहिले दोन दिवस घरातल्या घरात हिंडणं चालेल, मोबाइल जवळजवळ बंद. मग अर्धा दिवस शाळा, पुढे पूर्ण. त्याबरोबर चालणं, मग पळणं, एकट्याने चेंडू, मग सराव. एका पायरीवर किमान एक दिवस, त्रास वाढला तर मागची पायरी. टक्कर होईल असा खेळ डॉक्टरांनी तपासल्यावरच. आम्हाला २४ दिवस लागले. तो ट्यूबलाइट बंद करून बसायचा, साध्या बेरजा चुकायचा, धाकट्या बहिणीवर खेकसायचा. आजी म्हणायची, "नाटकं करतो, शाळा नको म्हणून." तिला समजावताना मला एक शब्द सुचला आणि पुढे तोच उपयोगी पडला: मुका मार. पाठीला मुका मार बसला तर वर काही दिसत नाही, पण माणूस आठवडाभर विव्हळतो, हे कोणाला सांगावं लागत नाही. हा डोक्याच्या आतला मुका मार. आजी गप्प झाली आणि स्वतःच उठून दिवा मालवला.

सरांवर माझा राग होता. पण ते रोज संध्याकाळी एक पैसा न घेता मुलांना शिकवतात आणि हे त्यांना कधी कोणी सांगितलंच नव्हतं. मी त्यांच्या घरी गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि रविवारी देवळाच्या सभामंडपात पालकांना बोलावलं. अकराजण आले.

"आमच्या वेळी कितीदा आपटलो, काय झालं?" एका वडिलांनी सुरुवातीलाच विचारलं. मी क्रिकेटचं उदाहरण दिलं. २०१९ साली लॉर्ड्सवर स्टीव्ह स्मिथला मानेवर चेंडू लागला, तो परत येऊन खेळलासुद्धा. कन्कशनचा त्रास दुसऱ्या दिवशी जाणवला आणि त्याच्या जागी लाबुशेन उतरला. म्हणजे मैदानावर "बरा आहे" म्हणणारा मुलगा खोटं बोलत नसतो, त्यालाच ते कळलेलं नसतं. तरीही कुजबूज चालूच होती. तेव्हा सर उभे राहिले. "त्या दिवशी ह्यांच्या मुलाला मीच परत पाठवला," एवढंच बोलले. मंडपात कोणी हललं नाही.

त्याच बैठकीत ठरलं: डोक्याला मार बसून मुलगा गोंधळला, धडपडला, डोकं धरून बसला, तर त्या दिवशी तो परत खेळणार नाही, सामना कुठलाही असो. "बरा आहेस ना?" हा प्रश्नच बंद. विचारायचं: आपण कुठल्या मैदानावर आहोत? कितवा हाफ? शेवटचा गोल कोणाचा? आणि पुन्हा पुन्हा उलटी, वाढती डोकेदुखी, मानदुखी, दोन-दोन दिसणं, झटके, हातापायांत मुंग्या, गुंगी, यातलं काहीही दिसलं तर थेट १०८. सरांनी हे वहीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं आणि चेंडूंच्या पिशवीत ठेवलं.

फेब्रुवारीत उपांत्य सामन्यात आमचा गोलकीपर खांबावर आदळला. सरांनी विचारलं, "शेवटचा गोल कोणाचा?" पोर बराच वेळ खांबाकडे बघत राहिलं. सरांनी हात वर करून बदली मागितली. सभामंडपात सुरुवातीलाच बोललेले ते वडील कडेला उभे होते. हा त्यांचाच मुलगा. ते धावत आत आले. मला वाटलं, आता भांडण. ते मुलाजवळ खाली बसले आणि त्याच्या बुटांच्या नाड्या सोडू लागले.